तहानलेले देवदूत

चिरंजीवांना व्हिस्कीचं वेड लागलं तेव्हा पीटीच्या बाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याआधी दुर्बिणी होऊन गेल्या होत्या, कासवं होऊन गेली होती, घरच्या घरी दाढीचं तेल बनवण्याचाही एक कार्यक्रम झाला होता. प्रत्येक वेड काही महिने घर डोक्यावर घ्यायचं आणि मग गुपचूप माळ्यावर जाऊन बसायचं. कासवं तेवढी शेजाऱ्यांकडे गेली.

बाई शाळेत जन्मभर पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. शिट्टी सुटली होती, आवाज होता तिथेच होता. गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणत, आणि कधीकधी चुकून नवरासुद्धा. चिरंजीव चांगले चाळिशीचे, चष्म्याच्या दुकानाचे मालक, डोक्यावरचे केस माघार घेत चाललेले. पण आईने 'इकडे ये' म्हटलं की अजूनही पोट आत घेऊन उभे राहायचे.

तर हे वेड. समुद्रात जहाजावर हेलकावे खाल्लेली व्हिस्की म्हणे लवकर मुरते, असं चिरंजीवांनी कुठेतरी वाचलं. समुद्र जवळ नव्हता, वॉशिंग मशीन होतं. त्यावर त्यांनी दोरीने बाटली बांधली आणि मशीन लावून दुकानात गेले. स्पिनच्या वेळी बाटलीने जीव दिला. सूनबाई फिजिओथेरपिस्ट, तिचे पांढरे कोट त्या मशीनमध्ये होते. पुढचे काही दिवस तिच्या अंगाला असा काही वास येत होता की पाठदुखीचे पेशंट एकदम नियमित झाले. मग चिरंजीवांनी पेन्सिली तासून ती सालं तव्यावर भाजली आणि बाटलीत टाकली. "कंपासपेटी चाटल्यासारखं लागतंय," सूनबाई म्हणाली. चिरंजीवांनी तेच शब्द 'बालपणाची आठवण करून देणारी चव' म्हणून ऑनलाइन ग्रुपवर टाकले. ग्रुपचं नाव 'मुरलेली मंडळी'. तिथे दातांचे डॉक्टर होते, विमा एजंट होते, एक तर स्मशानाचे व्यवस्थापक होते, आणि सगळे मिळून एकमेकांच्या ग्लासांचे फोटो बघून हळहळत असायचे.

बाईंची अट एकच होती. "तुझे प्रयोग तुझ्यापाशी. तुझ्या बाबांच्या हाताला थेंब लागला, तर तुला आणि तुझ्या बाटल्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावीन."

कारण बाबांना शपथ होती. बाईंचे मिस्टर निवृत्त ड्राफ्ट्समन, पुलांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलेलं. पूर्वी दर शनिवारी संध्याकाळी ते दोन पेग घ्यायचे. कोणाला त्रास नाही, शिवीगाळ नाही, तोल जाणं नाही. फक्त बोलायचे. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही तो माणूस दोन पेगांवर तासन्‌तास बोलायचा: कुठल्या पुलाचा खांब कसा खचला, लहानपणी मावशी त्यांना कशी फसवून दूध पाजायची, काय वाटेल ते. बाईंना रविवारीसुद्धा सकाळी लवकर मुलांच्या सरावासाठी मैदानावर जायचं असायचं. एका शनिवारी त्यांनी मिस्टरांचा हात धरला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या माझी शपथ." मिस्टरांनी घेतली. वीस-बावीस वर्षं झाली, त्या गृहस्थाने थेंबाला तोंड लावलं नाही. बोलणंही त्याच दिवशी थांबलं. बाईंना तेव्हा हे एका सामन्यात दोन गोल केल्यासारखं वाटलं होतं, आणि तो विजय त्यांनी आजवर हळदीकुंकवापासून शेजारणीच्या कुंपणापर्यंत सगळीकडे मिरवला होता.

एक दिवस घरी लाकडी पिंप आलं. एका डिस्टिलरीची जाहिरात चिरंजीवांच्या फोनवर रोज येत होती, 'तुमचं पिंप, तुमची व्हिस्की, तुमची गोष्ट!' ओकच्या लाकडाचं, बाळसं धरलेल्या मुलाएवढं पिंप, खाली लाकडी तोटी, आणि सोबत डब्यातून कच्ची, पाण्यासारखी पांढरी दारू. ती पिंपात ओतायची आणि वाट बघायची. मागच्या छोट्या खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल आणि बाईंचे डंबेल्स होते, तिथे पिंपाची प्रतिष्ठापना झाली. चिरंजीव दर रविवारी ते बाथरूमच्या वजनकाट्यावर चढवायचे.

"वजन कमी झालंय," ते पहिल्यांदा म्हणाले.

"गळतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही गं आई. लाकडातून थोडी दारू उडून जाते हवेत. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. जगभर म्हणतात."

"देवदूत पितात?"

"पितात म्हणजे... म्हणायचं तसं."

बाईंनी नाक मुरडलं आणि इस्त्री उचलली.

आता खरं सांगायचं तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण त्या हिवाळ्यात बाईंना खोकला धरला. दुपारची वेळ. चिरंजीव दुकानात, सूनबाई क्लिनिकमध्ये, मिस्टर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. बाई इस्त्री करत होत्या आणि खोकत होत्या. समोर पिंप. गाऊनच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली, तिला ते मापाचं प्लास्टिकचं झाकण. औषध संपलेलं. बाईंनी तोटीखाली झाकण धरलं. औषध म्हणून. त्यात चमचाभर पाणी घातलं, डोळे मिटले आणि घटकन गिळून टाकलं.

घशात आग लागली. मग ती आग छातीत उतरली आणि तिथे बैठक मारून बसली. बाईंना वाटलं, अगंबाई! हे असं असतं होय?

खोकला आठवडाभरात गेला. बाई मात्र औषध घेत राहिल्या. आधी एक झाकण, मग दोन, आणि कधी कपडे जास्त असले तर तीन. इस्त्री नसली तरी बाई मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "पहारा देते. तुझ्या बाबांचं काही सांगता येत नाही." असं म्हणताना त्यांच्या पापण्यासुद्धा हलायच्या नाहीत, आणि नंतर एकट्या असताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटायची की झाकण तीनदा धुवून ठेवायच्या. पण दुसऱ्या दिवशी दुपार व्हायचीच.

इकडे चिरंजीव हरखून गेले होते. इतरांच्या पिंपांतून उडायची त्याच्या दुप्पट दारू त्यांच्या पिंपातून उडत होती. त्यांनी आलेख काढले. हवेतली आर्द्रता मोजली. खिडकीचा कोन, इस्त्रीची वाफ, डंबेल्सच्या लोखंडाचा परिणाम, कशाकशावर त्यांनी सिद्धांत मांडले. 'मुरलेली मंडळी' थक्क झाली. आणि एका सकाळी डिस्टिलरीचाच फोन आला.

मार्केटिंगवाली घरी आली ती दोन बॅगा आणि एक गोल दिवा घेऊन. पोरगी चुणचुणीत होती, वाक्यागणिक 'वॉव' म्हणत होती. "सर, आपण मोहीम काढतोय. 'जगातले सगळ्यात तहानलेले देवदूत'! पिंपाखाली डिजिटल काटा, समोर कॅमेरा, चोवीस तास ऑनलाइन. लोक बघतील आकडा कसा खाली येतो ते. महिनाअखेर लाइव्ह कार्यक्रम. पुढे तुमच्या नावाची खास बाटली!"

चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुर्बिणींना, कासवांना, दाढीच्या तेलाला कोणी कधी 'सर' म्हणून विचारलं नव्हतं.

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याचा लाल ठिपका बाईंकडे बघत होता.

त्या दिवसापासून देवदूतांनी काम बंद केलं. आकडा जागचा हलेना. खरीखुरी उडते तेवढी जेमतेम उडत होती, आणि ती काट्यावर कळायलासुद्धा भिंग लागलं असतं. पहिले काही दिवस लोकांनी धीर धरला. मग टिंगल सुरू झाली. 'देवदूत संपावर.' 'देवदूतांनी दारू सोडली, अभिनंदन.' 'चष्मेवाल्या, आधी स्वतःचा नंबर तपास.' दातांच्या डॉक्टरांनी ग्रुपवर सभ्य भाषेत लांबलचक पोस्ट टाकली, तिचा अर्थ एवढाच की हा माणूस इतके महिने खोटे आकडे टाकत होता. कोणीतरी दुकानाच्या ऑनलाइन पानावर जाऊन पाचपैकी एक तारा दिला आणि लिहिलं, 'मालक थापाड्या आहे.'

चिरंजीवांचं जेवण कमी झालं. ते पिंपापुढे स्टूल घेऊन बसायचे आणि लाकडाला कान लावायचे.

"आई, मी खोटं नाही गं लिहिलं," एका संध्याकाळी ते म्हणाले.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आणि जेवढं माहीत होतं तेवढं त्यांच्या घशाशी आलं. पोरगा कसाही असो, वेडा असेल, धांदरट असेल, पण खोटारडा नव्हता. खोटं बोलल्याबद्दल त्याला लहानपणी याच बाईंनी अंगणाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बोलून टाकावं, असं त्यांना वाटलं. पण बोललं की ते आत जाणार, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसापर्यंत. ज्याच्याकडून शपथ घेतली, आणि ज्याच्या शपथेवर इतकी वर्षं मान वर करून चाललो, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? बाईंनी तोंड मिटलं आणि पोराच्या ताटात भात वाढला.

लाइव्ह कार्यक्रमाची संध्याकाळ आली. मागच्या खोलीत गोल दिवा लागला. चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून पिंपाशेजारी, मार्केटिंगवाली फोन धरून समोर, सूनबाई दाराला टेकून, आणि मिस्टरांना 'घरातली ज्येष्ठ मंडळी' म्हणून एका खुर्चीत बसवलेलं. बाई मुद्दाम स्वयंपाकघरात थांबल्या. कान तिकडेच होते.

दातांचे डॉक्टर स्क्रीनवर आले. "मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "आधी दारू जात होती, कॅमेरा लागला आणि थांबली. घरात कोणी काढत तर नव्हतं?"

"माझ्या घरात?" चिरंजीवांचा आवाज चढला. "डॉक्टर, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांची दारू तिने एका शब्दात सोडवली. त्या खोलीत ती स्वतः पहारा देते!"

बाईंच्या हातातलं उलथनं ओट्यावर पडलं.

मग मार्केटिंगवाली खुदकन हसली. "कमेंट्स बघा हं सर... सगळे म्हणतायत, 'बाबाच!' 'बाबा छुपे रुस्तम.' 'वीस वर्षांची तहान.' वॉव, किती हार्ट्स येतायत!" तिने फोन मिस्टरांकडे वळवला. "बाबा, खरं सांगा, तुम्हीच ना ते देवदूत?"

"मी नाही," मिस्टर म्हणाले.

"अजून हार्ट्स! कोणाचाच विश्वास बसत नाहीये, बाबा!"

"मी नाही," मिस्टर पुन्हा म्हणाले. तेवढंच. त्यापेक्षा जास्त बोलायची त्यांची सवय मोडली होती.

"बाबा," चिरंजीव हळूच म्हणाले, "घेतली असेल तर... म्हणजे मी रागावणार नाही."

बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. तिथून त्यांना मिस्टरांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोटचा पोरगा विश्वास ठेवत नाही, हे बघून माणूस जसा गोंधळतो तसा तो गोंधळलेला होता. आणि लाज सोडून सांगायचं तर एक क्षण बाईंना वाटलं, जाऊ दे. हसतायत लोक, हसू देत. उद्या विसरतील. त्या एका क्षणासाठी बाईंनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

मग त्यांनी खिशात हात घातला, प्लास्टिकचं झाकण काढलं आणि दिव्याच्या उजेडात शिरल्या.

"बाजूला हो," त्या चिरंजीवांना म्हणाल्या. चिरंजीवांनी पोट आत घेतलं आणि बाजूला झाले.

बाईंनी तोटी फिरवली, झाकण काठोकाठ भरलं, पाणी न घालता तोंडात ओतलं. डोळ्यांतून पाणी आलं. काट्यावरचा आकडा खाली आला. "आला का खाली?" त्यांनी फोनकडे बघून विचारलं. "रोज दुपारी दोन-तीन अशी काढत होते. माझा मुलगा थापाड्या नाही, त्याच्या दुकानाचे तारे परत द्या. आणि ह्यांनी थेंबाला हात लावलेला नाही. ह्यांना हसलात त्यांनी कान धरा. डॉक्टर, तुम्ही पण."

स्क्रीनवरच्या डॉक्टरांनी खरोखरच कान धरले. त्यानंतर जे झालं त्याला मार्केटिंगवालीने 'वॉव'च्या पुढचा शब्द शोधला, पण तिला सापडला नाही. हार्ट्सचा पूर आला. 'देवदूत आजी!' 'आजींच्या नावाची बाटली काढा!' सूनबाई पोट धरून जमिनीवर बसली. चिरंजीवांनी आईला मिठी मारली आणि रडायला लागले, ते खरे ठरले म्हणून की आई बेवडी निघाली म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. सगळ्या जगाने बाईंना घटकेत पदरात घेतलं.

खुर्ची मात्र रिकामी होती. मिस्टर उठून गेले होते.

ते बाहेर गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. बोलायचं कसं सुरू करतात तेच त्यांना आठवेना.

"बोला," शेवटी त्या म्हणाल्या. "शिव्या द्या. तुमचा हक्क आहे. तुम्हाला बंदी केली आणि स्वतः पीत बसले. मी ढोंगी आहे, म्हणा."

"तसं नाही," मिस्टर म्हणाले.

"मग कसं?"

मिस्टर कठडा सोडून वळले. "रोज दुपारी प्यायचीस?"

"हो."

"एकटीच?"

"मग काय शेजारणींना बोलावू?"

"मी पलीकडच्या खोलीत असायचो," मिस्टर म्हणाले. "झोप लागत नाही मला दुपारची. नुसता पडून असतो. एक हाक मारायचीस."

"तुम्हाला शपथ होती ना!"

"प्यायची होती. शेजारी बसायची नव्हती."

  बाईंना एकाएकी त्या सगळ्या दुपारी दिसल्या, मधल्या एका भिंतीच्या अलीकडे आपण आणि पलीकडे जागा असलेला हा माणूस, आणि त्यांना हुंदका आवरेना. मग त्यांनी मिस्टरांचा हात धरला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि पुटपुटल्या, "सुटली."

"काय?"

"शपथ. सुटली म्हणतेय."

"ऐकू आलं नाही," मिस्टर म्हणाले. त्यांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हलत होतं.

"सुटली!" बाई ओरडल्या. मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज. समोरच्या घरातले दोन दिवे लागले, आणि आतून चिरंजीव धावत आले. "काय सुटलं? तोटी?"

"तू आत जा, आणि जाताना हे भरून दे," बाईंनी त्यांच्या हातात झाकण दिलं.

भरलेलं झाकण आलं. मिस्टरांनी ते उजेडाकडे धरलं, वास घेतला, आणि एका दमात रिकामं केलं. त्यांचा चेहरा सगळ्या बाजूंनी आक्रसला.

"टुकार आहे गं!"

"बाबा!" आतून चिरंजीवांचा जखमी आवाज आला.

"टुकार म्हणजे अगदीच टुकार. फर्निचरला लावायच्या लायकीची." मिस्टरांनी ओठ पुसले. "रोज कशी प्यायचीस ही?"

"अहो, करमत नाही दुपारी," बाई म्हणाल्या. "घरात बोलायला कोणी नसतं."

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मिस्टरांनाही कळलं. त्यांनी रिकामं झाकण बाईंच्या हातात दिलं आणि गॅलरीतल्या दुसऱ्या खुर्चीवरचे वाळत घातलेले मोजे उचलून बाजूला ठेवले.

"बस," ते म्हणाले.